खाकी कागदावरचे कोल्हापूर: कोळसा, बोरू आणि बॉलपेनने शहराचे जगणे रेखाटण्याची पद्धत

शहराचे चित्र काढायचे ठरवले की बहुतेकांची पहिली धाव इमारतींकडे जाते. कोल्हापुरात तर नवीन राजवाडा, रंकाळ्याकाठचा शालिनी पॅलेस, अंबाबाईच्या मंदिराची शिखरे हे विषय इतक्या वेळा रंगवले गेले आहेत की ते कोणत्या कोनातून काढायचे हेसुद्धा जणू ठरून गेले आहे. यामागे आवडीइतकाच साहित्याचाही हात असतो. जलरंगाचा महागडा कागद फळीवर ताणून आणि रंगांची पेटी शेजारी मांडून बसलेला माणूस साहजिकच असा विषय निवडतो, जो दोन तास जागचा हलणार नाही. कागद वाया जाईल या धास्तीने तो सावध होतो आणि शहरातले जे काही चालते, वाकते, ओझे उचलते, भांडते, ते सगळे त्याच्या चित्राबाहेर राहते. त्याच माणसाच्या हाती वहीच्या कव्हराचा खाकी कागद आणि कोळशाची कांडी आली, तर तो कपिलतीर्थ मार्केटच्या तोंडाशी उभा राहून पाच मिनिटांत तीन भाजीवाल्या काढतो, कारण त्यांतल्या दोन बिघडल्या तरी काही अडत नाही. हा लेख त्या साध्या साहित्याविषयी आहे: ते कसे जमवायचे, घरी कसे करायचे, ते घेऊन शहरात कुठे आणि कधी उभे राहायचे, आणि त्यातून चित्रात नेमके काय बदलते.

साध्या साहित्याकडे केवळ काटकसर म्हणून पाहू नये. १९४३ साली बंगालच्या दुष्काळात कलकत्त्याच्या रस्त्यांवर अन्नावाचून पडलेली माणसे चित्रकार झैनुल आबेदिन यांनी वेष्टनाच्या स्वस्त कागदावर, कोळशापासून स्वतः केलेल्या काळ्या शाईने रेखाटली. त्या चित्रांत तपशील अगदी थोडे आहेत: जाड काळी रेघ, मळकट कागद, रिकामे भांडे, कावळा. कागदाला उजळपणा नाही, म्हणून चित्रातल्या माणसांच्या भोवतीही उजेड नाही. तीच दृश्ये गुळगुळीत पांढऱ्या कागदावर नाजूक छटांनी रंगवली असती, तर त्यांचा परिणाम वेगळा झाला असता, असे मला ठामपणे वाटते. साहित्य अशा रीतीने चित्राच्या अर्थात शिरते. म्हणूनच ते निवडताना घाई करू नये.

कागद

सुरुवात खाकी कागदाने करावी. शाळेच्या वह्यांना घालतात तो कागद कोणत्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळतो. त्याची एक बाजू चकचकीत आणि दुसरी किंचित खरखरीत असते, आणि आपल्याला खरखरीत बाजू हवी असते, कारण कोळशाची पूड तिच्यावर ठरते. या कागदाचा खरा गुण त्याच्या रंगात आहे. पांढऱ्या कागदावर सावली काढावी लागते आणि उजेड आपोआप मिळतो; खाकी कागदावर मधली छटा आधीच तयार असते, त्यामुळे काळ्याने फक्त गडद भाग आणि पांढऱ्या खडूने फक्त उजळ भाग दाखवला की काम होते. तीन छटांत चित्र उभे राहते, आणि रस्त्यावर उभे राहून काम करणाऱ्याला तीन छटांपेक्षा जास्त वेळ मिळतही नाही.

बाकीचे कागद गोळा करावेत. छापखान्यात कटाईनंतर उरलेल्या पट्ट्या मागितल्या तर बहुधा मिळतात. त्या लांबट असल्यामुळे गल्लीतली घरांची ओळ किंवा घाटाच्या पायऱ्यांचा पट्टा त्यांवर छान बसतो. लग्नपत्रिकांची कोरी बाजू जाड असते आणि शाई सोसते. जुन्या दिनदर्शिकेच्या मागच्या गुळगुळीत बाजूवर बॉलपेन सुरेख चालते, पण कोळसा घसरतो. वर्तमानपत्राचा कोरा कागद सरावाला उत्तम, टिकवायला वाईट. लाकडाच्या लगद्यातले लिग्निन उन्हाहवेत पिवळे पडते आणि काही वर्षांत तो कागद ठिसूळ होतो. जुन्या रोजमेळाची, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीची, पाने मात्र जपून वापरावीत. त्यांवर आधीच लिहिलेले आकडे आणि नावे चित्रातून डोकावतात आणि बाजारपेठेच्या रेखाटनाला ते शोभूनही दिसते, पण त्याची सवय लागली की तो नुसता देखावा होतो.

सुट्या कागदांची वही शिवून घ्यावी, कारण रस्त्यावर सुटा कागद वाऱ्याने उडतो. खाकी कागद कापून, दुमडल्यावर हाताच्या पंजाएवढे पान होईल असे आठ तुकडे घ्यावेत. ते एकात एक घालून मधोमध दुमडावेत, घडीच्या रेषेवर दाभणाने तीन भोके पाडावीत: एक मध्यावर आणि दोन टोकांकडे. मेण लावलेला जाड दोरा आतून मधल्या भोकातून बाहेर काढावा, वरच्या भोकातून आत घ्यावा, आतल्या बाजूने थेट खालच्या भोकापर्यंत नेऊन बाहेर काढावा आणि शेवटी मधल्या भोकातून पुन्हा आत आणून दोन्ही टोकांची गाठ मारावी. बाहेरून जुन्या फाईलचा पुठ्ठा चिकटवला की उभ्या उभ्या काम करायला टणक आधार मिळतो. चिकटवण्यासाठी मैद्याची खळ करावी: एक वाटी मैदा पाच-सहा वाट्या पाण्यात गाठी न होऊ देता कालवून, मंद आचेवर चकाकी येईपर्यंत ढवळत शिजवावी. जुने बाइंडर तिच्यात कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालतात. मोरचूद विषारी आहे, त्यामुळे ते घालायचे असेल तर भांडे आणि चमचा स्वयंपाकघरातला घेऊ नये आणि खळ मुलांच्या हाती लागू देऊ नये.

कोळसा घरी करणे

बाजारात चित्रकलेचा कोळसा मिळतो, पण तुरकाठ्यांपासून, म्हणजे तुरीच्या वाळलेल्या झाडांच्या काठ्यांपासून, केलेला कोळसा मऊ, हलका आणि गडद होतो. बोटाएवढ्या जाडीच्या आणि त्याहून बारीक, पूर्ण वाळलेल्या काठ्या घ्याव्यात, साल काढावी आणि वीतभर लांबीचे तुकडे करावेत. घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ते दाटीने भरावेत, रिकामी जागा ठेवू नये. झाकणाला खिळ्याने एकच बारीक भोक पाडावे. डबा मोकळ्या जागेत चुलीत किंवा शेकोटीच्या निखाऱ्यांत ठेवावा. भोकातून आधी पांढरी वाफ येते, मग पिवळसर धूर, आणि काही वेळाने धूर अगदी विरळ होऊन थांबतो. धूर थांबला की डबा बाहेर काढावा, भोक ओल्या मातीने बुजवावे आणि डबा पूर्ण गार होईपर्यंत झाकण उघडू नये. गरम असताना उघडले तर हवा लागून आतल्या कांड्या पेटतात आणि हाती राख येते. तयार कांडी कागदावर ओढून पाहावी. तपकिरी, खरवडणारी रेघ आली तर काठी पुरती जळलेली नाही. तिला पुन्हा भाजावे.

मोडलेले तुकडे टाकू नयेत. ते कुटून, पातळ सुती कापडातून गाळून पूड करावी. या पुडीचे महत्त्व ज्याला समजून घ्यायचे असेल, त्याने राजारामपुरीतील चंद्रकांत मांढरे कलासंग्रहालय जरूर पाहावे. अभिनेते म्हणून महाराष्ट्राला माहीत असलेले मांढरे यांनी पावडर शेडिंगमध्ये निसर्गचित्रे केली. कापडाच्या बोळ्याने किंवा बोटाने पूड पसरवून धुके, पाण्यावरची तिरीप, दूरची झाडे अशा गोष्टी रेघेशिवाय कशा उभ्या राहतात, हे तिथे प्रत्यक्ष दिसते. रंकाळ्यावरची हिवाळी सकाळ काढताना हेच तंत्र वापरावे: आधी सगळ्या कागदावर पुडीचा हलका हात, मग खोडरबराने पाण्याची उजळ पट्टी पुसून काढणे, आणि सर्वांत शेवटी कांडीने संध्यामठाचे दगडी खांब. काळ्याने भरत जाण्याऐवजी उजेड पुसून काढण्याची ही रीत एकदा हाताला लागली की पहाटेचे शहर काढणे सोपे होते.

कोळशाचे चित्र हाताला पुसते. त्याला धरून ठेवण्यासाठी सायविरहित दुधात तितकेच पाणी मिसळून, बारीक फवारणीच्या बाटलीने हातभर अंतरावरून हलके फवारावे. दुधातले केसीन पूड बांधून ठेवते, आणि ही युक्ती युरोपातले चित्रकारही पूर्वीपासून वापरत आले आहेत. फवारा अगदी पातळ हवा; कागद ओला दिसू लागला तर पावसाळ्यात त्यावर बुरशी धरते.

हिरड्याची शाई आणि बोरू

कोल्हापुरी चपलेचे कातडे परंपरेने बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावले जाते. दोन्हींत टॅनिन भरपूर असते. तेच टॅनिन लोहाशी मिळाले की निळसर काळा रंग धरते, आणि त्यातूनच शाई होते. चार-पाच हिरडे जाडसर कुटून एक मोठा पेलाभर पाण्यात रात्रभर भिजवावेत, सकाळी निम्मे पाणी उरेपर्यंत मंद आचेवर उकळावेत आणि कापडातून गाळावेत. कोमट काढ्यात हिराकस, म्हणजे लोहाचे सल्फेट, चिमटी-चिमटीने घालून ढवळत जावे. रंग पाहता पाहता काळवंडतो. हिराकस काष्ठौषधींच्या किंवा रसायनांच्या दुकानात मिळते. ते नसेल तर गंजलेले खिळे काढ्यात चार-सहा दिवस बुडवून ठेवावेत. शेवटी शाई पसरू नये म्हणून बाभळीच्या डिंकाचे पाणी चमचाभर घालावे. हिराकसचा हात सैल सोडू नये, कारण जास्त लोहामुळे शाई आम्लधर्मी होऊन पुढे कागद खाते.

या शाईची एक गंमत काम करताना ध्यानात ठेवावी. ओली असताना ती फिकट राखाडी दिसते आणि हवा लागल्यावर काही तासांत गडद होते. म्हणून जागेवर चित्र फिके वाटले तरी पुन्हा पुन्हा गिरवू नये. दुसऱ्या दिवशी ते हवे तितके काळे झालेले असते. ज्याला जागेवरच पक्का काळा रंग हवा असेल त्याने दौतीची तयार शाई घ्यावी.

बोरू, म्हणजे काडीची लेखणी, करायला पक्क्या वाळलेल्या बोरूची किंवा बारीक बांबूची काडी घ्यावी. टोकाशी लांब तिरका काप द्यावा, आतला भुसा खरवडून काढावा, दोन्ही बाजू निमुळत्या कराव्यात, टोकापासून मागे नखभर लांबीची चीर द्यावी आणि कठीण लाकडावर टेकवून टोक एका घावात छाटावे. चीर शाई धरून ठेवते आणि दाब दिल्यावर सोडते. बोरू दर काही रेघांनंतर सुकतो, आणि मला हा त्याचा मोठा गुण वाटतो. भरलेल्या बोरूची पहिली रेघ ओली, भरघोस येते आणि शेवटची कोरडी, तुटक. जवळचा माणूस ओल्या बोरूने आणि मागची गर्दी कोरड्या बोरूने काढली, तर अंतर आपोआप दिसते. त्यासाठी वेगळी छटा लावावी लागत नाही.

बॉलपेनबद्दल थोडक्यात. ते तेलकट शाईचे असल्याने पावसाच्या थेंबाने पसरत नाही, झाकण उघडे राहिले तरी चालते आणि हलक्या हाताने पेन्सिलीसारखी फिकी रेघही देते. गर्दीत, बसमध्ये, चहाच्या टपरीवर याच्याइतके सोयीचे दुसरे साहित्य नाही. त्याची रेघ मात्र सगळीकडे सारख्या जाडीची असते, त्यामुळे तपशील वाढवत नेण्याचा मोह होतो. तो आवरावा.

बाहेर पडणे: जागा, वेळ, उंची

पहिल्यांदा बाहेर पडताना वही, दोन कांड्या, खडूचा तुकडा, बॉलपेन आणि फडके इतकेच घ्यावे. जागा निवडताना दृश्य किती सुंदर आहे यापेक्षा तिथे एकच हालचाल पुन्हा पुन्हा होते का, हे पाहावे. नवशिक्याला माणूस काढता येत नाही, याचे मुख्य कारण माणूस हलतो हे आहे. आणि जिथे तीच हालचाल परत परत येते, तिथे ही अडचण निम्मी होते.

अशी उत्तम जागा म्हणजे गंगावेशीतला दूध कट्टा. संध्याकाळी रस्त्याच्या कडेला म्हशी बांधलेल्या असतात, समोरच धार काढली जाते आणि लोक पेला तोंडाला लावून धारोष्ण दूध पितात. इथे खाकी वही उघडावी. आधी म्हशीची पाठ एका सलग रेघेत घ्यावी: डोक्यापासून वशिंडाच्या जागेवरून माकडहाडापर्यंत, कांडी न उचलता. पंढरपुरी म्हैस असेल तर तिची लांब, मागे खांद्यापलीकडे जाणारी शिंगे ही दुसरी रेघ. मग धार काढणाऱ्याकडे वळावे. तो उकिडवा बसलेला असतो, गुडघ्यांत भांडे दाबलेले, डोके म्हशीच्या कुशीला जवळजवळ टेकलेले. त्याचा चेहरा काढू नये. म्हशीचे पोट, त्याचे गुडघे आणि भांडे यांच्यामध्ये जी मोकळी त्रिकोणी जागा उरते, तिचा आकार काढावा. ती बरोबर आली की माणूस आपोआप बरोबर बसतो. त्याचे दोन्ही हात आळीपाळीने खालीवर होतात, म्हणून एक हात वर आणि एक खाली असा एकच क्षण धरावा आणि तो परत येईल तेव्हा तपासावा. म्हशीचा काळा रंग कांडीच्या बाजूने सपाट घासून भरावा, पण पाठीवर दिव्याची चमक पडते तिथे कागद तसाच सोडावा. आणि खडू सगळ्यांत शेवटी, एकाच ठिकाणी वापरावा: भांड्यातल्या फेसावर. काळ्या आणि खाकी रंगाच्या त्या सगळ्या दृश्यात शुद्ध पांढरे असे फक्त दूध राहते, आणि पाहणाऱ्याचा डोळा थेट तिथे जातो. पांढऱ्या कागदावर हे साधत नाही, कारण तिथे पांढरे सगळीकडेच असते.

डोळ्याची उंची ही दुसरी गोष्ट आधी ठरवावी. सपाट रस्त्यावर उभे राहून काढले तर आपल्याएवढ्या उंचीच्या सगळ्या उभ्या माणसांची डोकी, जवळची असोत वा लांबची, जवळपास एकाच आडव्या रेषेवर येतात. पाय मात्र जवळच्यांचे खाली आणि लांबच्यांचे वर. ही एक गोष्ट पाळली तरी महाद्वार रोडवरची गर्दी खरी वाटू लागते. कट्ट्यावर बसून काढले की ती रेषा खाली येते, जवळची माणसे तिच्या वर चढतात आणि मोठी, भारदस्त दिसतात. कोल्हापूरचे अर्धे आयुष्य कट्ट्यावर चालते, तेव्हा ते कट्ट्याच्या उंचीवरून काढणे मला जास्त प्रामाणिक वाटते.

दुकानांच्या पाट्या या बाबतीत मोठी मदत करतात. देवनागरी अक्षरांची शिरोरेघ ही आयती आडवी रेघ आहे. डोळ्यांच्या वरच्या पातळीवर लावलेल्या पाटीची शिरोरेघ लांब जाताना खाली उतरते आणि पायरीशी टेकवलेल्या फळ्याची वर चढते. पाटीवरचा मजकूर पूर्ण लिहिण्याची गरज नसते. शिरोरेघेचा उतार बरोबर धरला आणि खाली काना-मात्रांच्या चार-दोन उभ्या रेघा दिल्या, की पापाची तिकटी हा चौक ओळखू येतो.

उजेडासाठी मावळतीची वेळ निवडावी. अंबाबाईचे मंदिर पश्चिमाभिमुख आहे, आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास तसेच जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या आरंभी होणाऱ्या किरणोत्सवात मावळत्या सूर्याची किरणे महाद्वारातून थेट गाभाऱ्यात जातात. त्या दिवसांत महाद्वारासमोरच्या रस्त्यावर पश्चिमेकडे तोंड करून उभे राहिले की समोरून येणारी माणसे काळी आकृती आणि तिच्याभोवती उजळ कड अशी दिसतात. चेहरे, कपड्यांचे रंग, दागिने काही दिसत नाही; फक्त चाल, डोक्यावरचा पदर, हातातली पिशवी. कोळशासाठी याहून सोयीचा उजेड नाही.

हालचालीचा सराव तालमीत करावा. वस्तादांची परवानगी घेऊन पहाटे कोपऱ्यात बसावे. जोर मारणाऱ्या मल्लाच्या हालचालीत चार-पाच टप्पे असतात. कागदावर पाच आकृत्या एकदमच सुरू कराव्यात, प्रत्येक टप्प्याला एक, आणि तो टप्पा परत आला की त्या त्या आकृतीत एखादी रेघ घालावी. थोड्याच वेळात पाचही पूर्ण होतात. कुस्तीच्या हौद्यातल्या लाल मातीसाठी बाजारातून गेरू आणून, डिंकाच्या पाण्यात कालवून बोटाने किंवा चिंधीने लावावा. गेरू लोहाचा ऑक्साइड असल्याने उन्हात उडत नाही. हळदीचा पिवळा रंग मात्र उन्हात फिका पडतो, तो टाळावा. चहाच्या पाण्याची छटा सावलीला चालते, पण तिच्या टिकण्यावर विसंबू नये.

सुभाषनगर, जवाहरनगर या भागांत चपला बनवणाऱ्या कारागिरांची कामे काढायची असतील तर बॉलपेन आणि पत्रिकेचा गुळगुळीत कागद घ्यावा, कारण तिथे सगळे महत्त्व बारकाव्याला आहे. रापी, म्हणजे कातडे कापायचे हत्यार, धरलेला अंगठा कोणत्या कोनात वाकला आहे, आरी आत शिरताना दुसऱ्या हाताची बोटे कातडे कसे ताणतात, वेणीचा पदर कोणता वर आणि कोणता खाली जातो, हे बघून बघूनच काढावे लागते. कोळशाने ही माहिती पुसट होते. म्हणजे एकाच शहरात दूध कट्ट्याला कोळसा आणि चपलेला बॉलपेन, असे साहित्य विषयाप्रमाणे बदलते. आणि उलट बाजूने पाहिले तर खिशात त्या दिवशी जे असेल तेच विषय आपल्याला दिसू लागतात. यासाठी मी एक नियम सुचवतो. एकाच जागी, उदाहरणार्थ लक्ष्मीपुरीच्या बाजारात, एकदा फक्त कोळसा, दुसऱ्यांदा फक्त बॉलपेन आणि तिसऱ्यांदा फक्त बोरू घेऊन जावे. तिन्ही पाने शेजारी ठेवली की कोळशाने ढीग, सावल्या आणि पाठी टिपल्या, बॉलपेनने तराजू, टोपल्यांची वीण आणि पाट्या टिपल्या, आणि बोरूने माणसांचे हावभाव टिपले, हे स्वतःलाच दिसते.

पावसाळ्यात मेणबत्ती कामी येते. १९४०–४१ मध्ये लंडनवर बॉम्बवर्षाव होत असताना भुयारी रेल्वेच्या स्थानकांत आसरा घेतलेल्या लोकांची चित्रे इंग्रज शिल्पकार हेन्री मूर यांनी मेणाचा खडू आणि त्यावर पातळ रंग अशा पद्धतीने केली; मेण जिथे लागते तिथे रंग सरकतो आणि रेघ उजळ राहते. आपल्याला साधी मेणबत्ती पुरते. बिंदू चौकात पाऊस पडून गेल्यावर ओल्या रस्त्यावर दिवे जिथे चमकतात, तिथे मेणबत्तीच्या टोकाने उभ्या रेघा माराव्यात, छत्र्यांच्या कडाही मेणानेच काढाव्यात आणि वरून पाणी घातलेल्या शाईचा एक सपाट हात द्यावा. मेण लावताना काही दिसत नाही, त्यामुळे कुठे लावले हे लक्षात ठेवूनच काम करावे लागते. कागद पांढरा आणि जाड हवा.

पंचगंगेला पूर येतो तेव्हा रेखाटनाला कागदपत्राचे मोल येते. राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी धरतात. २०१९ आणि २०२१ चे महापूर शहराने सोसले आहेत. घाटावरच्या दीपमाळा आणि मंदिरे किती बुडाली आहेत हे सुरक्षित अंतरावरून काढावे आणि पानाच्या कोपऱ्यात तारीख, वेळ आणि त्या वेळी जाहीर झालेली पातळी लिहावी. उतरल्या पाण्याने भिंतींवर सोडलेली चिखलाची रेघही काढावी. ती दाखवण्यासाठी गेरूत थोडा कोळसा मिसळला की पुरे.

माणसांचा मान

माणसे काढताना विचारावे. आपल्याकडे वही उघडली की चौघे जमतातच, आणि ‘काका, जरा काढू का तुमचं काम करतानाचं?’ एवढे विचारले तर बहुतेक जण हसून परवानगी देतात. नको म्हणाले तर वही मिटावी. मंदिराच्या आवारात तिथले नियम पाळावेत आणि रांगेतल्या भाविकांच्या वाटेत उभे राहू नये. दुःखाच्या प्रसंगी, म्हणजे पुरात घर गेलेल्यांसमोर किंवा दवाखान्याच्या दारात, वही काढूच नये. मूर आसऱ्यातल्या लोकांसमोर चित्रे काढत बसत नसत. बघून, थोड्या टिपा घेऊन, नंतर आठवणीने काढत. ही सवय इतर वेळीही करावी. पाच मिनिटे नुसते पाहायचे, मग गल्लीच्या वळणावर जाऊन पाठमोरे काढायचे. जे आठवते तेच बहुधा चित्राला लागणारे असते.

घरी आल्यावर

त्याच संध्याकाळी वही उघडून कडेला शब्द लिहावेत: कोणता रंग होता, वारा कुठून होता, कोण कोणाला काय म्हणत होते. मोठे चित्र करायचे असेल तर या पानांतून ते रचावे. कोल्हापूरला ही रीत नवी नाही. बाबूराव पेंटर आणि आनंदराव पेंटर यांनी नाटक मंडळ्यांसाठी भव्य पडदे रंगवले. एवढे मोठे काम आधी छोट्या आराखड्याशिवाय होत नाही. वेगवेगळ्या पानांवरची माणसे एका दृश्यात आणताना त्यांची डोळ्यांची रेषा एक आहे ना आणि उजेड एकाच बाजूचा आहे ना, एवढे तपासावे. कट्ट्यावरून काढलेला माणूस आणि उभ्याने काढलेला माणूस शेजारी ठेवले तर एक जण खड्ड्यात उभा असल्यासारखा दिसतो. मोठ्या चित्रासाठीही कागद खाकीच ठेवून पाहावा, त्याचे ताव जोडून. दोन ताव मागून कागदाच्या पट्टीने आणि खळीने जोडता येतात. मोठे करताना रेघ गुळगुळीत करण्याचा मोह होतो; मूळ पानावर कांडी जिथे घाईत घसरली होती, तिथे ती मोठ्या चित्रातही तशीच घसरू द्यावी. या टप्प्यावर टाऊन हॉलच्या संग्रहालयात जाऊन कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान यांची चित्रे पाहावीत. हाच परिसर त्यांनी किती थोड्यात आणि किती नेमका पकडला आहे, हे स्वतः चार पाने काढल्यानंतर जास्त चांगले कळते.

जपणुकीचे नियम थोडे आहेत. प्रत्येक पानामागे जागा, तारीख आणि साहित्य लिहावे. खाकी आणि वर्तमानपत्री कागदाची चित्रे लवकर छायाचित्र काढून ठेवावीत, कारण तो कागद कायमचा नाही. हिरड्याच्या शाईची पाने इतर पानांना लागू देऊ नयेत. मध्ये कोरा कागद घालावा, नाहीतर शाईतले आम्ल शेजारच्या पानावर तपकिरी डाग सोडते. कोळशाची चित्रे आडवी ठेवावीत, उभी किंवा गुंडाळून नव्हे. जूनच्या आधी सगळा गठ्ठा एकदा बाहेर काढून सावलीत हवेवर ठेवावा आणि कोरड्या कापडात बांधून कपाटाच्या वरच्या खणात ठेवावा, भिंतीला टेकणार नाही असा.